कॅरियर नसलेली सायकल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खाटेखालची जागा मोजणं. घरात टेप नव्हता, म्हणून वितीने मोजली. घडी घातलेली सायकल तिथं मावते का ते बघायचं होतं. माझी बायको यमुना गुडघे टेकून बसली. खाटेखालचा पत्र्याचा डबा, विळ्यांची गोणी, जुन्या चपला असं सगळं तिनं बाहेर ओढलं आणि म्हणाली, "हां, मोजा." दुकानात सायकल तिनं मोजली होती, तिच्या वितीने. पाच वीत भरली होती. खाटेखालची जागा मी मोजली, माझ्या वितीने. ती साडेचार भरली.

मी म्हटलं, "नाय बसत. अर्धी वीत बाहेर येतेय."

"बरं," ती म्हणाली आणि सगळं सामान परत आत ढकललं.

माझा पंजा तिच्यापेक्षा मोठा आहे. दुधाचे कॅन उचलून उचलून आणखी पसरलाय. माझी साडेचार वीत म्हणजे तिची पाचाच्या वर जाते. हे मला मोजतानाच कळत होतं. सायकल बसत होती. मी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी दुपारी, भात वाळत घातलं होतं तिथं यमुना राखण करत बसली होती, ती बसल्या जागी गेली.

आता पुन्हा भात कापणीला आलंय. दहिवलीच्या मागच्या अंगाला आमची एक पट्टी उरलीय. दोन्ही बाजूंना बिल्डिंगी झाल्या. पूर्वी सूर्य वर आला की दव सुकायचं, आता नऊ-साडेनऊपर्यंत शेतात सावली असते, भात ओलं राहतं, कापणीला उशिरा हात लागतो. वरच्या गॅलऱ्यांतून टॉवेल पडतात, कपड्यांचे चिमटे पडतात. मागल्या वर्षी यमुनेनं कापता कापता एका दिवसात सात चिमटे गोळा केले होते आणि मला म्हणाली होती, "या पट्टीत भातापेक्षा चिमटे चांगले पिकतात." ते चिमटे आमच्या दोरीवर आहेत. मी त्यांनीच कपडे वाळत घालतो.

कापलेल्या भाताचा वास वर्षभर आठवत नाही. आठवायला गेलं तरी येत नाही. आणि मग एक दिवस विळा लागतो आणि सगळं येतं. ओला पेंढा, पायाखाली मोडणारी धसकटं, मानेवर चिकटलेलं भाताचं कुसळ, झोडणीच्या फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज, आणि फळीच्या पलीकडच्या बाजूला ती. तिच्या दोन पेंढ्या होईतो माझी एक व्हायची. दूधवाल्याला शेतातलं काय कळतं, असं ती चारचौघांत म्हणायची. खरंच होतं ते. मी चौथी शिकलो आणि सायकलवर बसलो तो साठी उलटल्यावर उतरलो. आसपासच्या वाड्यांवरून दूध गोळा करायचं आणि पुलावरून पलीकडं कर्जतात घालायचं. शेत तिनंच केलं.

लोक भेटायला आले तेव्हा म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. कुणाला काही करावं लागलं नाही. मला करायचं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं.

तर सायकल. आमची एकच मुलगी, सुरेखा. ती चौक गावाजवळ लोधिवलीला दिलीय. कर्जतहून एसटी मिळते, पण हायवेवर उतरल्यावर आत डोंगराच्या अंगाला दोन किलोमीटर चालावं लागतं. माझा उजवा गुडघा चालायला नाही म्हणतो. पायडल मारायला मात्र हो म्हणतो. डॉक्टरला पण याचं नवल वाटलं. जावई म्हणतो, फाट्यावर मोटारसायकल घेऊन येतो. पण मला कुणाच्या मागं बसता येत नाही. हात कुठं ठेवायचे कळत नाही, पुढचं दिसत नाही, जीव घाबरा होतो. हे मी यमुनेला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. ती बेचाळीस वर्षं माझ्या मागं बसली होती.

म्हणजे माझं असं म्हणणं होतं की सायकलच एसटीतून घेऊन जाता आली तर बरं होईल. अशी सायकल असते हे मला ठाऊक नव्हतं. मागल्या वर्षी नवरात्र सरताना एका रविवारी आम्ही दोघं बाजार करून पुलाच्या अलीकडच्या टपरीवर चहा प्यायला थांबलो होतो. तिथं मुंबईची एक बाई स्टेशनकडून चालत आली. केस पांढरे, अंगात पँट, हातात एक लोखंडी गाठोडं. गाठोडं तिनं खाली ठेवलं, मधला खटका दाबला, दांडी सरळ केली, हँडल वर केलं, सीट ओढली आणि सायकल उभी राहिली. माझा चहा अर्धा पण झाला नव्हता.

मी कप ठेवला आणि खटका बघायला वाकलो. बिजागरी कशी आहे, चुकून उघडली तर माणूस दोन्हीकडं सांडेल का, वर आणखी एक अडसर आहे का. आहे. चांगला आहे. यमुना त्या बाईशी बोलत होती.

"वय काय तुमचं, बाई?"

"एकसष्ट."

"अगं बाई! माझ्याच बरोबरीच्या की. आणि साडीवर चालंल का ही?"

"का नाही चालणार? दांडी बघा किती खाली आहे. पाय उचलायलाच नको."

हे बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. मी त्याचा अर्थ काढला नाही. मी सायकल बघत होतो आणि यमुना त्या बाईला बघत होती, एवढाच फरक.

कर्जतच्या बाजारात शकूरचं सायकलचं दुकान आहे. मी त्याच्या बापाकडून सायकली नीट करून घेतल्यात. शकूर पन्नाशीचा, तोंडाचा मोकळा. त्यानं आमच्यासाठी घडीच्या तीन सायकली मागवल्या. एक काळी, जाड, मागं दणकट कॅरियर, पण उचलायला अशी की एसटीत चढवताना कंडक्टरलाच हात लावायला सांगावं लागेल. दुसरी हलकी, घडी घातली की बॅगेएवढी, पण चाकं इतकी लहान की आमच्या रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं तर शोधायला विहिरीत उतरावं लागेल. तिसरीची चाकं या दोन्हींच्या मधली, दांडी खाली वाकलेली, वजन बेताचं. तिला कॅरियर नव्हतं. रंग निळा-हिरवा. शकूर त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता. यमुना म्हणाली, "चिंतामणी म्हणतात त्याला. माझं लुगडं होतं या रंगाचं, सुरेखाच्या बारशाचं."

दूधवाले सायकल कशी घेतात ते सांगतो. आम्ही सीटवर बसून बघत नाही. सीट काय, ढुंगणाला सवय होते. आम्ही मागं वजन टाकून बघतो. दोन भरले कॅन लावायचे, सायकल हलवायची, पुढचं चाक उचलतं का बघायचं, स्टँड वाकतो का बघायचं. वजन पेललं तर सायकल चांगली. मी शकूरच्या दुकानात हेच केलं. कॅन नव्हते म्हणून यमुनेला म्हटलं, चल, बस कॅरियरवर.

शकूर ओरडला, "ओ काका, ही वजनाची सायकल नाय! कॅरियर सामानापुरतं हाय. पिशवी ठेवा, डबा ठेवा. काकींना कुठं ठेवताय?"

"मग ही बसणार कुठं?"

"माझ्या डोक्यावर बसवा," शकूर म्हणाला. यमुना फार हसली.

मी काळ्या सायकलीवर तिला बसवून बघितलंच. कॅरियर वाकलं नाही पण कुरकुरलं. चिंतामणीला तर बसायला जागाच नव्हती, म्हणून मी तिच्यावर वजन न टाकताच तिचा विचार सोडला. तेवढ्यात यमुना तिच्या जवळ गेली, घडी घालायला लावली आणि खाली बसून वितीने मोजू लागली. हँडलपासून चाकापर्यंत. पाच.

परत येताना आम्ही कर्जतच्या स्टँडवर बाकावर बसलो होतो. आमच्या आळीतल्या दोघी-तिघी बाया बाजूलाच होत्या. यमुना माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवो, ती घेतली तर मला शिकवाल का?"

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "म्हातारपणी सर्कशीत नाव घालायचंय काय गं तुला?" त्या बाया पण हसल्या. यमुना पण हसली, तोंडाला पदर लावून. मग मी शहाणपणानं सांगितलं, पडशील, खुबा मोडेल, तुझं कोण करील, घरात दुसरं बाईमाणूस नाय. ती म्हणाली, "ते पण खरंच."

त्यानंतर तिनं शिकवा म्हणून कधी विचारलं नाही. भात कापलं, भारे वाहिले, झोडलं, वाळत घातलं. मधे एकदा म्हणाली, तुमीच चालवा, पण ती घ्या, मी एसटीतून उतरून चालत येईन मागनं. मग एकदा म्हणाली, घेऊन तर ठेवू, जागा हाय खाटेखाली. तिचं मागणं असं लहान लहान होत गेलं. आधी चालवायची होती. मग नुसती घरात असावी एवढंच राहिलं. आणि त्यालाही मी वीत लावली.

पडण्याची भीती होती हे खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. वर्षभर एकटा जेवतोय, तेव्हा विचार करायला वेळ आहे. माणूस सायकल चालवतो तेव्हा पुढं बघून बोलतो आणि मागं बसलेलं माणूस पाठीशी बोलतं. आमचं सगळं बोलणं असंच झालंय. सुरेखाचं लग्न ठरवायचं की नाही ते आम्ही पळसदरीच्या रस्त्यावर ठरवलं. माझी आई गेली तेव्हा यमुना मागं बसून रडली आणि मी पुढं रडलो, एकमेकांना दिसलो नाही, बरं झालं. ती एका हातानं सीटखालची स्प्रिंग धरायची. खड्डा आला की स्प्रिंग दबायची आणि तिचं बोट चिमटायचं. उजव्या हाताच्या त्या बोटाला कायमची काळी रेघ होती. तिचा आवाज मला चेहऱ्यापेक्षा पाठीवर जास्त ओळखीचा. ती स्वतः चालवू लागली असती तर पुढं गेली असती किंवा बाजूनं गेली असती. मग मी कुणाशी बोललो असतो? हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हा मलाच कळलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं काहीतरी तोडगा काढला असता. तिला यायचे तोडगे.

या वर्षी कापणी जवळ आली आणि सुरेखाचे फोन सुरू झाले. त्यांच्याकडं भात लवकरचं असतं, आमच्याआधी झोडून होतं. "बाबा, नवीन तांदूळ काढलेत. तुमी येणार कधी? आई गेल्यापासून एकदा पण आला नाय." मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग ती सायकल घ्या ना. आई सारखी सांगायची फोनवर त्या सायकलीचं."

म्हणून मागल्या आठवड्यात शकूरकडं गेलो. त्याच्याकडं काळी अजून पडून होती. चिंतामणी मात्र दुसरी आलेली, तशीच. मी दोन्हींच्या मधे उभा राहिलो. सवयीनं काळीच्या कॅरियरवर हात दाबून बघितला. शकूरनं ते बघितलं.

"काका, राग मानू नका. आता मागं कोण बसणार हाय?"

माझा हात कॅरियरवरच होता.

"मागल्या साली पण मी विचारणार होतो. सायकल कुणासाठी पायजे ते तुमी सांगितलंच नाय. गिऱ्हाईक आधी ते सांगतं. कुणाची उंची, कुणाचं वजन, कुणाचे पाय पोचतात. तुमी नुसतं वजन टाकत होता."

मी म्हटलं, उद्या सांगतो, आणि घरी आलो. पूल ओलांडताना हिशेब चालूच होता. काळी घेतली तर मागचं कॅरियर रोज रिकामं दिसणार. चिंतामणी घेतली तर जिची होती ती नाही. आणि काहीच नाही घेतली तर सुरेखाकडं जायचं नाही.

संध्याकाळी मीच फोन केला. सुरेखा भाकऱ्या करत होती, फोन स्पीकरवर ठेवला होता, थापण्याचा आवाज येत होता. मी तिला सगळं सांगितलं. स्टँडवर हसलो ते, विती वेगळ्या होत्या ते, सायकल मावत होती ते. कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा जाऊ द्या म्हणेल. थापणं थांबलं.

ती म्हणाली, "बाबा, मला कुठं सायकल येते?"

"काय?"

"मला पण नाय येत. दूधवाल्याची पोरगी, घरात दोन दोन सायकली. पुतण्याला शिकवलीत, शेजारच्यांच्या पोरांना शिकवलीत, मी ओटीवर बसून बघायची. मला नाय शिकवलीत. मी चालत शाळेत जायची पुलावरून आणि तुमी बाजूनं घंटी वाजवत जायचा."

"तू कधी मागितलं नाय गं."

"आईनं मागितलं ना? काय झालं?"

मग तवा करपत होता म्हणून तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला नाही. पण ठेवला.

मला ती घंटी आठवली. मी मुद्दाम वाजवायचो, पोरीला बरं वाटावं म्हणून. दोन्ही बाजूंना कॅन असायचे, तिला बसवायला जागा नसायची. ती हात हलवायची. खांद्याला कापडी दप्तर, पायांत प्लास्टिकच्या चपला, केसांना लाल रिबिनी. मी पुढं निघून जायचो. दूध नासतं, उशीर करता येत नाही. पण दुपारी परत येताना कॅन रिकामे असायचे, आणि संध्याकाळी सायकल नुसती ओटीला टेकून उभी असायची. अशी किती वर्षं उभी राहिली. त्या उभ्या सायकलीवर बसून ती नुसती पायडलं मागं फिरवायची, चेनीचा आवाज यायचा, आणि मी आतून ओरडायचो, चेन पडेल.

दुसऱ्या दिवशी आमची कापणी धरायची होती. कापायला येणाऱ्या दोघींना मी सकाळीच सांगून आलो, उद्यावर टाका, दव पण उशिरा सुकतंय. शकूरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. तो आला तो शटर वर करता करता म्हणाला, "दूधवाल्याची सवय जात नाय तुमची. कोणती देऊ?"

"चिंतामणी."

"कुणाला?"

"माझ्या पोरीला. उंचीला आईएवढीच हाय."

त्यानं हवा भरली, खटका दोन वेळा उघडून लावून दाखवला, मला पण करायला लावलं. "कॅरियर मागनं बसवता येतं याला," तो म्हणाला. मी नको म्हटलं.

घडी घालून एसटीत नेली. कंडक्टरनं विचारलं हे काय, मी सांगितलं सायकल. त्यानं शेवटच्या सीटमागं ठेवायला दिली आणि चौकपर्यंत तीन वेळा येऊन बघून गेला. हायवेवर उतरून उघडली. पहिली पन्नास पावलं हँडल हातात राहीना, नुसत्या बोटानं वळत होतं. जन्मभर वजन ओढलेल्या माणसाला रिकामी सायकल आवरत नाही. गुडघे पार बाहेर येत होते. रस्त्याकडेला भारे बांधणाऱ्या बाया हसल्या. हसू दे. पाठीमागं काही नव्हतं, वारा लागत होता. मी सवयीनं एकदा बोललो पण, खड्डा हाय बरं का म्हणून.

सुरेखा अंगणात सुपानं भात वारवत होती. मला बघून सूप तसंच हातात धरून उभी राहिली. मी उतरलो, सीट खाली केली, खटका पुन्हा दाबून बघितला. घाम पुसला.

"पदर खोच," मी म्हटलं.

"आत्ता? अहो बाबा, पाणी तरी घ्या. समोरची सगळी बघतायत."

"बघू दे. पदर खोच आधी."

तिनं सूप ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि दांडीवरून पाय टाकला. पाय उचलावाच लागला नाही. मी मागून सीट धरली. पहिल्या दोन खेपांना ती माझ्याकडंच कलत होती, मोठं माणूस असून सगळं अंग लहान पोरासारखं आखडलेलं. मी ओरडत होतो, खाली नको बघू, पुढं बघ, पुढं. तिसऱ्या खेपेला अंगणाबाहेरच्या सरळ रस्त्यावर घेतली. जावई दारात येऊन उभा राहिला. मी मागून पळत होतो. सुरेखा पुढं बघून काहीतरी बोलत होती आणि मी तिच्या पाठीशी हो हो म्हणत होतो. मग गुडघ्यानं नाही म्हटलं. सीट हातातून सुटली.

ती गेली. सरळ गेली. ब्रेक कुठला ते सांगायचं माझं राहून गेलं होतं. वळणावर कुणीतरी पेंढ्याची उडवी रचली होती, तिच्यात पुढचं चाक घुसलं आणि ती आडवी झाली. मी लंगडत पोचायच्या आत ती उठली होती. कोपर खरचटलं होतं, केसांत पेंढा होता. तिनं सायकल उभी केली, चाक फिरतंय का बघितलं, तोंड परत घराकडं वळवलं आणि म्हणाली, "धरा."